वेब सर्व्हरची हरवलेली मॉड्यूले : ऑपरेटिंग सिस्टिमच्या उन्नयनानंतर उद्भवणारा एक प्रश्न

ऑपरेटिंग सिस्टिमचे उन्नयन यथासांग पार पडले, यंत्र पुन्हा सुरू झाले, आणि ज्या संकेतस्थळासाठी ते यंत्र ठेवलेले ते संकेतस्थळच उघडेनासे झाले, हा अनुभव ज्यांच्याकडे विभागाचा सर्व्हर सांभाळण्याचे काम आले आहे त्यांना अपरिचित नाही. अशा वेळी पडद्यावर बहुधा एवढाच मजकूर उमटतो की अमुक मॉड्यूल सर्व्हरमध्ये भरता आले नाही, कारण तशी फाइलच अस्तित्वात नाही. या एका वाक्यावर पुष्कळ उपाय सुचविले जातात व त्यांपैकी बहुतेकांनी सर्व्हर पुन्हा चालूही होतो. परंतु तो चालू होणे आणि प्रश्न सुटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मॉड्यूल हरवल्यामुळे सर्व्हर बंद पडला तर केवळ गैरसोय होते; मॉड्यूल हरवूनही तो चालू राहिला तर मात्र गंभीर हानी होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू हा भेद स्पष्ट करावा आणि त्याला धरून दुरुस्तीचा क्रम कोणता असावा हे सांगावे, असा आहे. विवेचन मुख्यतः अपाची सर्व्हर आणि डेबियन वा उबुंटू ही लिनक्सची रूपे यांपुरतेच मर्यादित ठेवले आहे, कारण लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव या जोडीचाच आहे.

प्रथम मॉड्यूल म्हणजे काय याचा थोडा विचार करू. अपाचीचा जन्म १९९५ सालचा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी लिहिलेल्या सर्व्हरला निरनिराळ्या लोकांनी ठिगळे जोडीत आणलेली ती एक रचना होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रॉबर्ट थाऊ यांनी तिचा आराखडाच बदलला : गाभा लहान ठेवावयाचा व बाकीची प्रत्येक शक्ती स्वतंत्र घटकाच्या रूपाने त्याला जोडावयाची. या नव्या आराखड्याला त्यांनी 'शंभल' असे नाव दिले होते. कल्कीच्या अवतारासाठी पुराणांनी योजिलेल्या गावाचे नाव एका सर्व्हरला मिळावे ही गंमत आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. पुढे १९९८ च्या १.३ आवृत्तीपासून हे घटक गाभ्यापासून वेगळे संकलित करून, सर्व्हर सुरू होण्याच्या वेळी त्यात भरता येऊ लागले. आज आपण ज्याला मॉड्यूल म्हणतो ते हेच. डिस्कवर ती एक सामायिक वस्तू-फाइल असते. कॉन्फिगरेशनमधील 'लोड-मॉड्यूल' ही आज्ञा तिचे नाव व ठिकाण सांगते. आणि सर्व्हर तिला आपल्या स्मृतीत ओढून घेतो.

मॉड्यूल सर्व्हरमध्ये आले की ते दोन गोष्टी बरोबर आणते. एक, विशिष्ट प्रकारची विनंती हाताळण्याचे सामर्थ्य : पीएचपीची फाइल मागितली असता ती तशीच न देता तिच्यातील प्रोग्राम चालवून त्याचे फलित द्यावे, हे सामर्थ्य पीएचपी मॉड्यूलाचे आहे, गाभ्याचे नव्हे. दुसरी, नवे शब्द. कॉन्फिगरेशनमध्ये लिहावयाच्या आज्ञांपैकी पुष्कळ आज्ञा कोणत्या ना कोणत्या मॉड्यूलाने शिकविलेल्या असतात. ते मॉड्यूल गेले की ते शब्दही जातात, आणि पूर्वी बिनतक्रार वाचली जाणारी ओळ सर्व्हरला अगम्य होते. या दोन परिणामांतील अंतर वाचकाने ध्यानात ठेवावे. शब्द गेला तर सर्व्हर तक्रार करतो. सामर्थ्य गेले तर तो तक्रार करीत नाही. जे काम आपल्याला येत नाही ते काम होते हेच त्याला ठाऊक नसते.

आता मॉड्यूल उन्नयनात हरवते कसे? येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. नवी प्रणाली येताना अपाचीची सर्वच मॉड्यूले निकामी होतात, असे नाही. अपाची व त्याची मॉड्यूले यांमध्ये एक करारनिदर्शक अंक असतो. २.२ या मालिकेचा अंक २००५१११५ असा होता आणि २.४ या मालिकेचा २०१२०२११ असा आहे. वाचकाच्या लक्षात आले असेल की हे अंक म्हणजे उलट्या लिहिलेल्या तारखाच होत. मॉड्यूल संकलित होते तेव्हा हा अंक त्यात कोरला जातो, आणि भरतेवेळी तो जुळला नाही तर सर्व्हर 'सापडलेला अंक हा, हवा असलेला अंक तो' असे स्पष्ट सांगून त्या मॉड्यूलाला नाकारतो. डेबियनने तर हा अंक पॅकेजांच्या परस्परावलंबनातही गोवला आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत २.४ मालिका आली तेव्हापासून तो बदललेला नाही. म्हणून उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर जाताना अपाची २.४.४१ वरून २.४.५२ वर जातो, पण पत्ते बदलणारे, संपीडन करणारे वा कूटसंरक्षण पुरविणारे त्याचे स्वतःचे मॉड्यूल हरवत नाही. हरवतात ती बहुधा दुसऱ्या एखाद्या भाषेचा दुभाषी सर्व्हरमध्ये आणून बसविणारी मॉड्यूले : पीएचपीचे, पायथनचे. कारण त्यांचे आयुष्य अपाचीशी बांधलेले नसून त्या भाषेच्या आवृत्तीशी बांधलेले असते.

पीएचपीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. उबुंटूच्या १४.०४ मध्ये पीएचपी ५.५ होते, १६.०४ मध्ये ७.०, १८.०४ मध्ये ७.२, २०.०४ मध्ये ७.४, २२.०४ मध्ये ८.१ आणि २४.०४ मध्ये ८.३ आहे. म्हणजे दीर्घकालीन पाठबळाच्या प्रत्येक उन्नयनात ही आवृत्ती बदललीच आहे. पॅकेजाच्या नावातच आवृत्ती असल्यामुळे ७.४ चे पॅकेज व ८.१ चे पॅकेज ही व्यवस्थापकाच्या दृष्टीने दोन निराळी पॅकेजे ठरतात. पहिले दुसऱ्याचा पूर्वज आहे, हे त्याला माहीत नसते. ते त्याला सांगण्यासाठी एक बिनआवृत्तीचे छत्र-पॅकेज असते, जे नेहमी त्या त्या प्रणालीतील प्रचलित आवृत्तीकडे बोट दाखविते. पूर्वी कोणी घाईत 'पीएचपी ७.४' असे नेमके नाव घेऊन पॅकेज बसविले असेल व छत्र-पॅकेज बसविले नसेल, तर उन्नयनात जुने कालबाह्य म्हणून काढले जाते आणि नवे कोणी मागितलेलेच नसल्यामुळे येत नाही. त्रयस्थ भांडारांतून पीएचपी घेणाऱ्यांची स्थिती आणखी बिकट असते, कारण उन्नयनाचा प्रोग्राम अशी भांडारे आरंभीच बंद करून ठेवतो.

छत्र-पॅकेज असले तरी काम संपत नाही. डेबियनच्या मांडणीत उपलब्ध मॉड्यूलांची एक डिरेक्टरी असते आणि चालू मॉड्यूलांची दुसरी. दुसऱ्या डिरेक्टरीत प्रत्यक्ष फाइली नसून पहिलीतील फाइलींकडे नेणारे दुवे असतात. मॉड्यूल चालू करणे म्हणजे असा दुवा निर्माण करणे, व बंद करणे म्हणजे तो पुसणे. त्यासाठी अनुक्रमे 'ए-टू-एनमॉड' व 'ए-टू-डिसमॉड' या आज्ञा दिल्या आहेत. पीएचपीचे नवे पॅकेज बसताना प्रथम चालू मॉड्यूलांची यादी पाहते, आणि तेथे जुन्या आवृत्तीचा दुवा आढळला तर स्वतःला चालू करून घेत नाही. 'जुनी आवृत्ती आधीच चालू आहे' अशी एक ओळ लिहून ते बाजूला उभे राहते. उन्नयनाच्या वेळी पडद्यावरून सरकत जाणाऱ्या शेकडो ओळींत ही ओळ कोण वाचणार? परिणाम असा की नवी फाइल डिस्कवर आहे, पण तिला कोणी बोलाविलेले नाही. आणि बोलावणे जिच्या नावे आहे ती फाइल राहिलेली नाही.

जुने पॅकेज काढले गेले असता काय घडते हेही पाहण्यासारखे आहे. पॅकेज काढणे व समूळ काढणे यांत डेबियन भेद करते. नुसते काढले तर फाइली जातात, पण कॉन्फिगरेशन मागे राहते. त्यामुळे उपलब्ध मॉड्यूलांच्या डिरेक्टरीत जुन्याची 'लोड' फाइल अनेकदा तशीच पडून असते. पॅकेजाच्या निरोपविधीत दुवा पुसण्याचे कलम असते. तो विधी नीट झाला तर दुवा जातो, आणि उन्नयनाच्या गडबडीत तो अर्धवट राहिला तर दुवा राहतो. दुवा राहिला तर सर्व्हर अस्तित्वात नसलेली फाइल शोधू लागतो, ती न मिळाल्यामुळे सुरूच होत नाही, आणि सर्वांना बोलणी खावी लागतात. दुवा व्यवस्थित गेला तर सर्व्हर मुकाट्याने सुरू होतो. वरकरणी दुसरा प्रकार अधिक सुव्यवस्थित दिसतो. वस्तुतः भय त्यातच आहे.

ते भय कोणते हे सांगण्यासाठी एक प्रसंग नमूद करतो. त्यात चूक प्रस्तुत लेखकाची होती, म्हणून तो सांगण्यास संकोच नाही. २०२३ साली एका विभागाच्या प्रबंध-संग्रहाचा सर्व्हर उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेण्याचे काम माझ्याकडे होते. शुक्रवारी सायंकाळी उन्नयन झाले आणि अपाची सुरू होईना. पीएचपी ७.४ चे मॉड्यूल सापडत नाही, अशी तक्रार होती. मी त्या मॉड्यूलाचा दुवा पुसला. कॉन्फिगरेशनची चाचणी घेतली. 'वाक्यरचना ठीक' असा निर्वाळा मिळाला. सर्व्हर सुरू झाला. निरीक्षणाचा प्रोग्राम हिरवा दिवा दाखवू लागला. उरलेले सोमवारी पाहू, असे म्हणून मी घरी गेलो. सोमवारी सकाळी एका विद्यार्थिनीने येऊन विचारले, "सर, मुखपृष्ठावर हे काय लिहिलेलं दिसतंय?" तिने मोबाइलवर दाखविलेला मजकूर म्हणजे आमच्या प्रोग्रामची मूळ संहिता होती.

झाले होते ते एवढेच : पीएचपीची फाइल चालविण्याचे सामर्थ्य सर्व्हरमधून गेले होते; पण फाइल मागितली असता ती देण्याचे सामर्थ्य गाभ्याचेच असल्यामुळे ते शाबूत होते. मुखपृष्ठाच्या फाइलीचे नाव सर्व्हरला अजून ठाऊक होते, तेव्हा त्याने ती उचलून जशीच्या तशी दिली. ब्राउझर अशी फाइल मजकुरासारखी दाखवितो किंवा उतरवून घेतो. मुखपृष्ठाच्या संहितेत फारसे गुपित नसते; परंतु तिच्यात दुसऱ्या एका फाइलीचे नाव असते, आणि त्या दुसरीत डेटाबेसचा पासवर्ड. नाव वाचून कोणीही ती मागितली तर सर्व्हर तीही तितक्याच तत्परतेने देतो. आमच्या डेटाबेसमध्ये संशोधक विद्यार्थ्यांचे पत्ते व दूरध्वनी होते. शुक्रवारी सर्व्हर जो सुरू होत नव्हता, तो या सर्वांचे रक्षण करीत होता. त्याला सुरू करण्याची घाई मी केली.

कॉन्फिगरेशनच्या चाचणीवर माझा जो विश्वास होता तो अस्थानी होता हेही येथे सांगितले पाहिजे. ती चाचणी लिहिलेल्या आज्ञा समजतात की नाही एवढेच पाहते. जी आज्ञा लिहिलेलीच नाही तिच्या अभावाविषयी ती काही सांगू शकत नाही.

याच जातीचा, पण अधिक सूक्ष्म असा एक धोका 'इफ-मॉड्यूल' या सशर्त रचनेत आहे. अमुक मॉड्यूल असेल तरच पुढील आज्ञा वाचाव्यात, असे ती सांगते. ही सोय मोठी आहे, व वर्डप्रेससारख्या प्रणाली तिचा सर्रास उपयोग करतात; पण तिने तक्रार करणारा शब्द गप्प बसतो. पीएचपीच्या बाबतीत तर मॉड्यूल हजर असूनही अट फसते. कारण या अटीत लिहावयाचे मॉड्यूलाचे नाव पाचव्या आवृत्तीत 'मॉड-पीएचपी-५' असे होते, सातव्या आवृत्तीत ते 'मॉड-पीएचपी-७' झाले, आणि आठव्या आवृत्तीपासून अंक गळून ते नुसते 'मॉड-पीएचपी' राहिले. एखाद्याने २०१४ साली प्रोग्रामला विशिष्ट डिरेक्टरीच्या बाहेर जाऊ न देण्याचा निर्बंध 'मॉड-पीएचपी-५ असेल तर' अशा अटीत लिहिला असेल, तर १६.०४ वर गेल्या दिवसापासून तो निर्बंध लागू नाही. संकेतस्थळ उत्तम चालते. कोणतीही चूक नोंदली जात नाही. फक्त कुंपण नाहीसे झालेले असते. माझ्या मते सुरक्षिततेविषयीची कोणतीही आज्ञा अशा अटीच्या आत लिहू नये. मॉड्यूल नसेल तर ती आज्ञा अडून सर्व्हर बंद पडेल, पडू द्यावा.

आता दुरुस्तीचा क्रम. पहिली गोष्ट म्हणजे सर्व्हरला लागलीच सुरू न करणे. किंवा सुरू करावयाचाच तर तो बाहेरच्या जगाला दिसणार नाही, केवळ त्याच यंत्रावरून वा विभागाच्या अंतर्गत जाळ्यातूनच गाठता येईल, अशी तजवीज फायरवॉलमध्ये करणे. हे झाल्यावर पुढचे सर्व काम निवांतपणे करता येते.

त्यानंतर चालू मॉड्यूलांच्या डिरेक्टरीतील जे दुवे कोठेच पोहोचत नाहीत ते शोधून काढावेत. 'फाइंड' या आज्ञेला तुटलेले दुवे तेवढे वेचून देता येतात. कॉन्फिगरेशनच्या तुकड्यांसाठी व संकेतस्थळांसाठी अशाच दोन डिरेक्टऱ्या असतात, त्याही पाहाव्यात. पुढे 'डीपीकेजी'च्या यादीत ज्या पॅकेजांसमोर 'आरसी' ही दोन अक्षरे आहेत ती पाहावीत. पॅकेज गेले पण कॉन्फिगरेशन उरले, असा त्यांचा अर्थ. ही यादी म्हणजे काय काय हरवले याचा जवळजवळ पूर्ण पंचनामाच असतो. त्यात पीएचपीच्या मॉड्यूलाबरोबर त्याची उपांगेही दिसतील : डेटाबेसशी बोलणारे, बहुबाइट अक्षरे हाताळणारे, एक्सएमएल वाचणारे, चित्रे घडविणारे. देवनागरी मजकूर ज्यांच्या संकेतस्थळावर आहे त्यांना बहुबाइट अक्षरांचे उपांग विसरून चालणार नाही. पाचव्या आवृत्तीत हे व एक्सएमएलचे उपांग मुख्य पॅकेजातच असत, ७.० पासून ती वेगळी पॅकेजे झाली, आणि १६.०४ वर गेलेल्या अनेकांना ती हरवली असे वाटले ते यामुळेच. उलटपक्षी जेसनचे उपांग ८.० पासून भाषेच्या गाभ्यात गेले आहे, त्याचे ८.१ साठीचे पॅकेज शोधीत बसू नये.

मग छत्र-पॅकेज व उपांगांची बिनआवृत्तीची पॅकेजे बसवावीत, जुने मॉड्यूल बंद करावे व त्यानंतर नवे चालू करावे. हा क्रम उलटा करू नये. येथे आणखी एक अडथळा संभवतो. अपाचीला एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळण्याच्या तीन पद्धती आहेत व प्रत्येक पद्धत हेही एक मॉड्यूलच आहे. त्यांपैकी कोणतेही एक, आणि एकच, चालू असावे लागते. डेबियनने पुरविलेले पीएचपी मॉड्यूल तंतुपद्धतीला सुरक्षित नसल्यामुळे ते 'प्रीफोर्क' याच पद्धतीबरोबर चालते. 'इव्हेंट' पद्धत चालू असेल तर पीएचपी तशी स्पष्ट तक्रार करून सर्व्हरला अडविते. अशा वेळी पद्धत बदलावी, किंवा पीएचपीला सर्व्हरच्या बाहेर स्वतंत्र सेवा म्हणून चालविण्याचा, एफपीएम नावाने ओळखला जाणारा, मार्ग घ्यावा.

हा दुसरा मार्ग अधिक चांगला, असे माझे मत आहे. रेड हॅटने तर २०२२ सालच्या नवव्या आवृत्तीत पीएचपीचे अपाची-मॉड्यूल काढूनच टाकले व बाहेरची सेवा हाच एक मार्ग ठेवला. त्यात हरवण्याचे प्रश्न संपतात असे नाही, पण त्यांचे रूप बदलते. अपाची त्या सेवेशी एका सॉकेटाद्वारे बोलतो आणि सॉकेटाच्या नावात आवृत्ती असते. उन्नयनानंतर कॉन्फिगरेशनचा जुना तुकडा जुन्याच सॉकेटाचे दार ठोठावीत राहतो, व वाचकाला ५०३ हा अंक दिसतो. संहिता मात्र उघडी पडत नाही. अर्थात तो तुकडाच पुसला गेला व नवा चालू केला नाही, तर पूर्वीचीच आपत्ती येथेही येते.

मॉड्यूल आल्यावर त्याच्या मर्यादा तपासाव्यात. पीएचपीची कॉन्फिगरेशन फाइल प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी असते. एवढेच नव्हे तर आज्ञापटलासाठी वेगळी, अपाचीसाठी वेगळी आणि बाहेरच्या सेवेसाठी वेगळी असते. ७.४ च्या फाइलीत केलेले बदल ८.१ च्या फाइलीत आपोआप येत नाहीत. आमच्याकडे प्रबंध चढविण्याची मर्यादा वाढवून ठेवलेली होती. ती मूळच्या २ मेगाबाइटवर आली, आणि पुढे आठवडाभर 'प्रबंध चढत नाही' अशा तक्रारी येत राहिल्या. आज्ञापटलावर पीएचपीची आवृत्ती विचारून निश्चिंत होणारे पुष्कळ असतात. ते उत्तर आज्ञापटलाच्या पीएचपीचे असते. सर्व्हरमध्ये पीएचपी आहे की नाही यावर त्याने काहीच प्रकाश पडत नाही. सर्व्हरला विचारावयाचे तर अपाचीच्या नियंत्रण-आज्ञेकडून भरलेल्या मॉड्यूलांची यादी मागावी, आणि मग प्रत्यक्ष एक पान ब्राउझरने नव्हे तर 'कर्ल'सारख्या साधनाने मागवून, आलेल्या मजकुरात पीएचपीचे आरंभचिन्ह दिसते काय ते पाहावे. निरीक्षणाच्या प्रोग्रामालाही हेच शिकवावे. २०० हा अंक मिळाला म्हणजे सर्व ठीक, हा त्याचा समज आमच्या प्रसंगात खोटा ठरला.

मॉड्यूल परत आले म्हणजे जुना प्रोग्राम चालेलच असेही नाही. डेटाबेसशी बोलणारे जुने फलन-कुटुंब ७.० मध्ये भाषेतूनच गेले, व 'एमक्रिप्ट' ७.२ मध्ये गाभ्याबाहेर गेले. अशा वेळी हरवलेले मॉड्यूल शोधणे व्यर्थ होय. प्रोग्रामच बदलावयास हवा.

पायथनच्या 'मॉड-डब्ल्यूएसजीआय' या मॉड्यूलाची कथाही अशीच आहे, फक्त तेथे मॉड्यूल हरवत नाही, त्याच्या पायाखालची जमीन सरकते. २०.०४ मध्ये पायथन ३.८ आहे व २२.०४ मध्ये ३.१०, मॉड्यूल नव्या पायथनशी बांधलेले येते, आणि ३.८ च्या नावाने रचलेले जुने आभासी परिसर त्याला दिसत नाहीत. ते पुन्हा रचणे हाच उपाय. कोणी स्वतः संकलित केलेली मॉड्यूले असतील तर तीही पुन्हा संकलित करावीत : अपाचीचा करारनिदर्शक अंक जुळत असला तरी ती ज्या ग्रंथालयांवर विसंबतात ती बदलतात. २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची १.१ ही मालिका जाऊन तिसरी आली आहे, व जुनीवर बांधलेले मॉड्यूल तेथे भरता येत नाही. मॅक-ओएसच्या वापरकर्त्यांना हा प्रकार २०२१ मध्ये अनुभवास आला. मॉन्टेरे या आवृत्तीत अॅपलने पीएचपीच काढून टाकले, तेव्हा प्रणालीबरोबर आलेल्या पीएचपी मॉड्यूलाला बोलाविणारी ओळ निराधार झाली.

हा सर्व शोध उन्नयनापूर्वी घेतलेल्या तीन याद्यांनी फार सोपा होतो : भरलेल्या मॉड्यूलांची, सर्व्हरमधील पीएचपीच्या उपांगांची, आणि बसविलेल्या पॅकेजांची. नंतर त्याच याद्या पुन्हा घेऊन 'डिफ' आज्ञेने ताडून पाहाव्यात. तसेच पासवर्डाची फाइल संकेतस्थळाच्या डिरेक्टरीबाहेर ठेवावी. प्रोग्रामला ती वाचता येते, सर्व्हरला मात्र ती कोणालाही देता येत नाही. पीएचपी मॉड्यूलाचा मार्ग वापरणाऱ्यांनी 'पीएचपी मॉड्यूल नसेल तर पीएचपीच्या सर्व फाइली नाकाराव्यात' असा नियमही लिहून ठेवावा. नकारार्थी अट ही 'इफ-मॉड्यूल'चा योग्य उपयोग आहे. मात्र मॉड्यूलाच्या नावातील अंकाविषयी जे वर सांगितले ते येथेही लागू आहे, आणि बाहेरच्या सेवेचा मार्ग घेणाऱ्यांना हा नियम उपयोगी नाही, कारण तेथे मॉड्यूल कधीच नसते.

राहिला एक प्रश्न : मधल्या काळात काय उघडे पडले हे कसे कळावे? सर्व्हरच्या नोंदींत प्रत्येक विनंतीसमोर दिलेल्या बाइटांची संख्या असते. प्रोग्राम चालून तयार झालेल्या पानाची लांबी सहसा थोडीफार बदलत राहते. जशीच्या तशी दिलेली फाइल मात्र सारख्याच लांबीची असते. डेबियनच्या नोंदीत उत्तराची शीर्षके धरून संख्या लिहिली जाते, आणि संपीडन चालू असेल तर ती घटते. म्हणून तो आकडा डिस्कवरील लांबीशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा करू नये, त्याचे स्थैर्य पाहावे. पासवर्डाच्या फाइलीची परीक्षा तर आणखी सोपी आहे. पीएचपी चालू असता ती मागितली तर उत्तर रिकामे येते, कारण ती काही छापीत नाही. तेव्हा तिच्यासमोर शीर्षकांपुरत्या बाइटांहून मोठा आकडा दिसला की ती गेली असे समजावे.

आमच्या नोंदींत शुक्रवार सायंकाळ ते सोमवार सकाळ या काळात मुखपृष्ठासमोर पुनःपुन्हा तोच आकडा होता. पासवर्डाच्या फाइलीसाठी दोन विनंत्या आढळल्या, दोन्ही एकाच पत्त्यावरून, रविवारी पहाटे. डेटाबेस बाहेरून गाठता येत नव्हता, हे आमचे सुदैव. त्याच दुपारी आम्ही पासवर्ड बदलला, तोच पासवर्ड आणखी कोठे वापरला होता ते शोधून तेथेही बदलला, आणि ज्या विद्यार्थ्यांचे पत्ते त्या डेटाबेसमध्ये होते त्या सर्वांना झाला प्रकार लेखी कळविला.